पिस्टनची चौथी कडी

डॉरीनने ओव्हन उघडला तर आल्याच्या केकशेजारी दोन पिस्टन तापत बसले होते.

"क्लिफर्ड, ह्यातलं पाहुण्याला काय द्यायचं?"

"चावून बघ. कमी कडक लागेल तो पिस्टन."

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरच्या त्या स्वयंपाकघरात सकाळपासून टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मोटारसायकलचं इंजिन ठेवलं होतं. नव्या जावयासारखं ऐसपैस. गाडी क्लिफर्डच्या तरुणपणाची, दोन सिलिंडरची. तिचा आवाज ऐकून पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या म्हणे आपणहून रांगेत उभ्या राहत. पण आता क्लिफर्डचे गुडघे गेले होते. किक मारली की गाडीच्या आधी गुडघाच वाजायचा. शेवटी डॉरीननेच गिऱ्हाईक पाहिलं. लीड्सचे व्हिटकर साहेब आज चहाच्या वेळी व्हॅन घेऊन येणार होते. अट एकच : इंजिन नवे पिस्टन बसवून बंद केलेलं हवं. उघडं इंजिन ते हातात धरणार नव्हते.

तापून भोक सैल झालेला पिस्टन जागेवर धरायचा, त्यातून आडवी पिन सरकवायची आणि ती निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या तारेची नथीएवढी कडी खाचेत बसवायची. दोन पिस्टनच्या मिळून चार कड्या. तीन निमूट बसल्या. चौथी चिमट्यातून 'टिंग' करून उडाली.

"डॉरीन! हलू नकोस!"

"हलते कुठे? ओव्हनमध्ये डोकं आहे माझं."

"कडी उडाली गं! कडीशिवाय पिन बाहेर सरकणार, सिलिंडर चिरणार, इंजिनाचा भुगा होणार. नवी कडी टपालाने येईस्तोवर आठवडा जाईल. संपलं. आज काही गाडी जात नाही."

"इंजिनातच पडली असेल."

"इंजिनाच्या तोंडात चिंधी कोंबली होती मी. नवशिका वाटलो का तुला?"

आरडाओरडा ऐकून भिंतीपलीकडचा स्टॅन्ली आला. रेल्वे यार्डातून निवृत्त होताना सगळे घड्याळ मागतात; ह्या गृहस्थाने लोहचुंबक मागून घेतलं होतं. तो ते सुतळीला बांधून जमिनीवरून फिरवू लागला. कपाटाखालून केसांच्या पिना आल्या, तीन चमचे आले, डॉरीनच्या आईची हरवलेली कात्री आली. मग गळ्यातल्या पट्ट्याच्या बकलाने चिकटून शेजारणीचं मांजर आलं, शिव्या देत. पाद्रीबाबांची सायकल आपोआप दारापर्यंत आली असंही लोक सांगतात. मी शपथेवर सांगणार नाही. कडी मात्र येईना.

"तिकडे बघ, कोळशाच्या बादलीमागे!" क्लिफर्ड खुर्चीतून हुकूम सोडत होता. "मीच आलो असतो रे, पण हे गुडघे!"

"तू बस, महाराजा," म्हणत स्टॅन्लीने चुंबक त्याच्या खुर्चीशी नेलं. चुंबकाने झोका घेतला आणि ते टप्पकन क्लिफर्डच्या डाव्या सपातेला चिकटलं.

"खिळे आहेत तिच्यात," क्लिफर्ड घाईघाईने म्हणाला.

डॉरीनने सपातेकडे पाहिलं. लोकरी नमद्याच्या त्या मऊ सपाता तिने नाताळात स्वतः शिवल्या होत्या. त्यांत खिळा सोडा, टाचणीही नव्हती.

फळीवरचा बटणांचा डबा काढून तिने टेबलावर ओतला आणि बोटाने एक गंजलेली कडी बाजूला सारली.

"घे. ह्याच गाडीची आहे."

क्लिफर्डने ती उजेडात धरली. मग हळूच चष्मा काढला.

बावन्न वर्षांपूर्वी तो ह्याच घरात डॉरीनच्या आईकडे भाडेकरू होता. ह्याच टेबलावर पिस्टन बसवत होता. दुसऱ्या दिवशी गाडीवरून कॉव्हेंट्रीला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तेव्हाही एक कडी अशीच उडाली. नवी येईपर्यंत नोकरी दुसऱ्याला गेली, आणि डॉरीनने त्याला इतका केक खाऊ घातला की कॉव्हेंट्री कुठल्या दिशेला आहे हेच तो विसरला.

"कुठे सापडली तुला?"

"माझ्या बुटाखाली. उडाली तसा पाय ठेवला. आई हाका मारत होती, तरी हलले नाही."

"आणि मी तासभर रांगत शोधत होतो!"

"दोनदा माझ्याच पायाशी येऊन म्हणालास, 'जरा सरकता का हो?' वरून काय सुंदर दिसत होते तुझे केस! तेव्हा होते."

"माझा आख्खा जन्म ह्या गावात गेला, डॉरीन!"

"वाईट गेला?"

क्लिफर्डने साक्षीसाठी स्टॅन्लीकडे पाहिलं. स्टॅन्ली केक चावण्यात गुंतला होता.

"आता उचल तो डावा पाय," डॉरीन म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर व्हॅन उभी होती.

क्लिफर्डने शाळेतल्या पोरासारखा पाय हळूहळू उचलला. खाली कडी चकाकत होती. डॉरीनने तिच्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, क्लिफर्डच्या टकलाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सगळी बटणं, गंजक्या कडीसकट, डब्यात भरून तिने झाकण घट्ट लावलं.

"ठेव पाय खाली," ती पुटपुटली आणि दार उघडायला गेली.

"या, व्हिटकर साहेब. चहा तयार आहे. पण गाडीचं आज जमायचं नाही बघा. एक कडी हरवलीय."

"एवढंच ना? सापडेल की! किती वेळ लागेल?"

"आता काय सांगू," त्यांच्यापुढे केक ठेवत डॉरीन म्हणाली, "मागच्या खेपेला बावन्न वर्षं लागली."