रॅमची वाटणी

सांगून ठेवतो, रॅम घ्यायची तर जोडीनंच! एका पाकिटातल्या दोन पट्ट्या, एका कंपनीच्या, एका घाण्यातून निघालेल्या. इथून एक, तिथून एक असली भेळ आपल्या कॉम्प्युटरला चालत नाही. नारायणगावात फ्लेक्स डिझाइन करणाऱ्यांत हे कळणारा मी एकटाच. म्हणून तर खास पुण्याला जाऊन सीलबंद जोडी आणली!

गरजही तशीच होती. पिंपरी पेंढारच्या यात्रेचा फ्लेक्स माझ्याकडे होता. त्यावर देव एक आणि शुभेच्छुक अख्खं गाव! अर्धी मुंडकी चिकटवली की माझं मशिन हँग. यात्रा कमिटीच्या कुशाबांनी दमच दिला होता, "सयाजीराव, आज सांच्यापत्तुर फ्लेक्स न्हाई झाला, तर काम कळंबच्या फ्लेक्सवाल्याला. फुडल्या साली पण तिकडंच!"

वारूळवाडीला घरी आलो, पाकीट टेबलावर ठेवलं आणि पाय धुवायला मोरीत गेलो. तेवढ्यात घात झाला! बाहेर येतो तर पाकीट फाडलेलं आणि आत पट्टी एकच.

"आई, दुसरी कुठंय?"

"गोरखला दिली." आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "दोन व्हत्या. एक तुजी, एक त्याची."

आमच्या घरचा कायदाच आहे हा! धाकटा भाऊ गोरख शेजारी वेगळा राहतो, पण घरात कुठलीही वस्तू दोन आली की एक तिकडे जाते. मी नव्या चपला आणतो तेव्हासुद्धा मला धाकधूक असते.

"अगं, जोडी होती ती! जोडी फोडत नसतात!"

"वाटणीत बैलजोडी फोडलीच की! एकेक बैल घेतला दोघांनी. सावडीनं, दोन्ही बैल एकत्र जुंपून, पेरण्या झाल्या का न्हाई?"

तणतणत गोरखकडे गेलो, तर त्यानं माझी पट्टी त्याच्या लेकीच्या, समृद्धीच्या कॉम्प्युटरला लावूनही टाकलेली!

"दादा, लई पळतंय राव!"

"काढ ती आधी!"

"आईनं दिलीय. तिला इचार. तू ही घे, माजी जुनी." फूं करून धूळ उडवत त्यानं एक पट्टी माझ्या हातावर ठेवली. कंपनी वेगळी, ताकद निम्मी, रंगसुद्धा वेगळा!

"ही? माझ्या कोऱ्या पट्टीशेजारी? मशिन पेटंल माझं!"

"लावून तर बघ."

"लावतोच! कुशाबांसमोर लावतो. बुडू दे फ्लेक्स! मग सांगतो गावाला, कुणापायी बुडाला ते!"

माझ्या दुकानात कुशाबा येऊन बसलेच होते. मागोमाग गोरख आला, आईही आली. मी दोन्ही पट्ट्या खटकन बसवल्या, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून वाट बघत राहिलो. मशिन चालू झालं. ठीक आहे, चालू काय, कुठलंही होतं! मुंडकी चिकटवायला घेतली. सरपंच बसले. माजी सरपंच बसले. नेहमीची हँग व्हायची जागा आली. मी मनातल्या मनात विनवत होतो, हो बाबा हँग, माझी अब्रू राख! पण त्या बेशरम मशिननं उपसरपंच घेतले, सोसायटीचे चेअरमन घेतले, तरुण मंडळ सगळं घेतलं आणि शेवटी भावी सरपंचसुद्धा गपगुमान बसवले!

"लई भारी!" कुशाबा उठले. "फुडल्या सालचं काम बी तुमालाच!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मंग वरडत कशाला व्हतास?"

तेव्हापासून मी गोरखशी बोलत नाही. अन्याय झालाय माझ्यावर, ढळढळीत अन्याय! भेटेल त्याला मी हे ठणकावून सांगतो. फक्त कुणी "नुकसान काय झालं?" असं विचारलं, की चहा मागवतो.