दोन धारांमधलं जग

आमच्या आप्पांना मैल, कोस, तास यांतलं काही कळत नसे. किंवा कळत असेल, पण ते मानत नसत. जग मोजायचं त्यांचं माप एकच. सकाळची धार काढून निघालं आणि संध्याकाळच्या धारेला परत येता आलं, तर ते गाव जगात. नाही येता आलं, तर ते गाव असून नसून सारखं.

पन्हाळा जगात होता. जयसिंगपूर जगात होतं, कारण सकाळच्या रेल्वेनं जाऊन, पेंड बघून, दुपारच्या गाडीनं परतता येई. कराड अगदी काठावर. माझं लग्न कराडला झालं तेव्हा आप्पांनी अक्षता टाकल्या, दोन लाडू उपरण्यात बांधले आणि पंगत बसायच्या आत मोटार गाठली. पुण्याचं एक चांगलं स्थळ माझ्या बहिणीला सांगून आलं, तर म्हणाले, "पोरगं झ्याक आसंल. पर गाव धारंच्या पल्याड हाय. पोरीला बघाया जायाचं कुनी? न्हाय म्हणून कळवा."

आप्पा माझे थोरले चुलते. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नाही. माझे वडील वारल्यावर आमचं घर त्यांनीच ओढलं. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या त्या घरात पुढच्या सोप्यात आम्ही राहत होतो आणि मागच्या सोप्यात रंगी नावाची म्हैस. संध्याकाळी आप्पा तिला दूध विकायच्या कट्ट्यावर नेत आणि तिथंच धार काढत. गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा आणि आप्पांनी तो फेसासकट भरायचा. तालमीतले पैलवान उभ्या उभ्या पेला रिकामा करून मिशा पुसत. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी कुणापासून लपवत नाही; आणि ती पायरी रंगीच्या आणि तिच्या आईच्या दुधावर बांधली गेली, हेही लपवत नाही.

पदवी घ्यायला मी पुण्याला गेलो तेव्हा आप्पा अर्थातच आले नाहीत. मला त्याचा राग होता. परत आलो तर त्यांनी प्रमाणपत्र मागून घेतलं, गोठ्यात गेले, आणि ते रंगीच्या तोंडासमोर धरून म्हणाले, "बघ बये. ह्याच्यावर तुजंबी नाव पायजे हुतं." रंगीनं ते हुंगलं. कोपऱ्यावर ओलसर डाग अजून आहे. त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारेनात. "काय बीए, जेवलास का?" "बीए, जरा वैरण टाक की."

एक अडचण होती. रंगी आप्पांच्या हाताशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. वडील असताना त्यांनी एकदा प्रयत्न केला होता आणि दुधाच्या चरवीसकट उकिरड्यात पडले होते. एकदा आप्पा तापानं फणफणले, तर घोंगडं पांघरून, दात वाजवत तेच धारेला बसले. त्यांना कुठं जाता येत नव्हतं ते यामुळं. म्हणजे आम्ही तसं समजत होतो.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या कॉलेजातल्या मित्रानं, विठू गावकरानं, आग्रहाचं पत्र पाठवलं. मालवणजवळच्या खाडीत एक बेट आहे, तिथं त्याचं घर. 'सगळ्यांना घेऊन चार दिवस या.' मी नुकताच हायस्कुलात मास्तर झालेलो. घरच्यांना सुट्टीला घेऊन जाणारा आमच्यातला पहिला माणूस मीच होणार, म्हणून मला भारी हौस. आई आणि बायको तयार झाल्या. आप्पांना मी नुसतं रीत म्हणून विचारलं.

"येतो की," आप्पा म्हणाले.

आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"आणि रंगी?" मी विचारलं.

"पारू बघंल."

पारू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, उचगावची. धारेला हात चांगला, पण रंगीनं तिला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "थोरल्यांना काय झालंय रं? चार रोज दूद तुंबलं तर कास जाईल. म्हस आटली तर बाजारात उभी कराया लागंल. मग ह्यांचं काय ऱ्हाईल?"

तरी आम्ही निघालो. घाट उतरून, होडीतून, बेटावर पोचलो. नारळाच्या बागा, पांढरी वाळू, दारातनं दिसणारं पाणी. माझी बायको त्या पाण्याकडं बघून अर्धा तास बोललीच नाही, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. विठूचे वडील, दादा गावकर, यांनी आप्पांना किनाऱ्यावर नेलं आणि कौतुकानं विचारलं, "कसा वाटता?"

"पानी लई हाय," आप्पा म्हणाले. "पर म्हस डुंबवायच्या कामाचं न्हाय. खारट पान्यानं कातडं खरबडतंय."

जेवायला बसल्यावर विठूच्या आईनं सांगितलं, की कालवणात नारळाचं दूध घातलंय. आप्पांनी वाटीत वाकून बघितलं. "नारळाचं दूद? आनि सड कुठं आस्त्यात त्याला?" दादांना हसता हसता ठसका लागला. त्यांच्या गोठ्यातली तांबडी, बुटकी गाय बघून तर आप्पा म्हणाले, "पावणं, ही गाय कवा आनली? आनि तिची आई कुठं हाय?"

"हीच आई," दादा म्हणाले.

"आसं व्हय!" म्हणून आप्पांनी गाईची क्षमा मागितली.

असे तीन दिवस गेले. मात्र धारेची वेळ झाली की आप्पा हातातलं टाकून उठत. सकाळ-संध्याकाळ बागेच्या टोकाला जाऊन ते उगवतीकडच्या डोंगरांकडं तोंड करून बसत. "आता पारू बसली आसंल," एवढंच म्हणत. मी म्हटलं, "एवढी काळजी होती तर आलात कशाला?" ते म्हणाले, "समिंदर बघाया," आणि समुद्राकडं पाठ करून बसून राहिले.

शेवटच्या दिवशी उजाडतानाच निघायचं होतं. भरतीचं पाणी होतं तोवरच होडी सुटणार, नंतर चिखल. ती चुकली की मालवणची एस. टी. चुकणार. गाठोडी बांधली, आमसुलं बांधली, बायको पायात पाणी घेऊन शेवटचं उभी राहिली, आणि आई म्हणाली, "थोरलं कुठायत?"

मी बागेच्या टोकाला गेलो. नव्हते. विहिरीवर नव्हते. होडीवाला ओरडायला लागला. शेवटी गोठ्यात डोकावलो.

आप्पा त्या बुटक्या गाईच्या कासेला बसले होते. पुढं तांब्या. गाय बिचारी पान्हा सोडून उभी होती. आप्पा सडाला हात लावत, मूठ वळू बघत, आणि बोटं अर्ध्यावर थांबत. एखादा थेंब येई, तो तांब्याबाहेर पडे. ते डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दाबून धरत होते.

मला बघून त्यांनी हात धोतराला पुसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. थंडी आसंल म्हटलं. थंडी गेली, बोटं न्हाय सुटली." मग गाईकडं बघत, "दोन म्हैनं तासतासभर बसतोय तिच्याखाली. घरात सांगतोय, उन्हाळ्यानं दूद कमी झालंय. ती उभी ऱ्हाती. येक लाथ न्हाय मारली. पर तिच्या कासंत दूद ऱ्हातंय, बीए. दुखत आसंल तिला."

"मग घरी सांगायचं ना. पारूनं—"

"मी घरात आस्ताना ती पारूला शिवू द्यायची न्हाय. माजी वाट बघंल. म्हणून म्हटलं आपुनच लांब जावं. धारंच्या पल्याड."

आता मला कळलं, हा माणूस बेटावर कशाला आला होता. मला आणखीही एक कळलं: मी चार दिवस फुशारकीनं ज्यांना सुट्टी दाखवत होतो, ते इथं फक्त दिवस काढत होते.

"रंगीनं पारूला दिलं नसेल तर काय करायचं?" मी विचारलं.

"आटंल. जाईल."

"आणि दिलं असेल तर?"

"तर चांगलंच की," आप्पा म्हणाले. मग उठले. गाईच्या कपाळावर हात फिरवला. "चांगलंच की," पुन्हा म्हणाले, पण ते मला उद्देशून नव्हतं.

मोटारीत आप्पा खिडकीशी बसले. दिवेलागणीच्या आधी कोल्हापुरात उतरलो. आमच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि आप्पा थांबले.

"तुमी व्हा म्होरं."

"का?"

"वारं माज्याकडनं घराकडं हाय. धारंचा टाइम हाय. तिला माजा वास लागला तर पोरीला पान्हा चोरंल."

मी गेलो. मागच्या सोप्यात पारू बसली होती आणि चरवीत धारांचा घुमणारा आवाज चालला होता. पहिल्या दिवशी रंगीनं चरवी उडवली, दुसऱ्या दिवशी अर्धं दिलं, कालपासून तक्रार नाही, असं पारूनं मान न वळवता हळू आवाजात सांगितलं. मी बोळाच्या तोंडाशी परत आलो. आप्पा शेजाऱ्यांच्या पायरीवर बसले होते.

"दिलं," मी म्हणालो. "चरवी भरत आलीय."

आप्पांनी डोक्याचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. "गुनाची हाय," म्हणाले. रंगी की पारू, ते मी विचारलं नाही.

चरवी बाहेर आली तेव्हाच ते उठले. गोठ्याच्या दारात पाऊल टाकलं आणि रंगीनं कान टवकारले, मान वळवली, रेकली. पिळून रिकाम्या झालेल्या कासेतून दुधाचे थेंब आपसूक जमिनीवर पडायला लागले. एक, दोन, मग चारी सडांतून.

पारूनं घाईघाईनं तांब्या आणला. "आप्पा, बसा की. तुमच्यासाटनंच सोडलंय तिनं."

आप्पांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तांब्या घेतला नाही. कोपऱ्यात रंगीचं रेडकू बांधलं होतं, तिकडं गेले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले. बोटं निसटत होती. पारू पुढं सरकली, तिला मी हातानं थांबवलं. आम्ही दोघं उभे राहिलो. बराच वेळ लागला. मग गाठ सुटली, आणि रेडकू धावत जाऊन ढुसण्या देत प्यायला लागलं.