साळूचं बीळ आणि राघोजीचा तक्ता

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, नदी होती, सिंह राजा होता. शेजारच्या जंगलात जे जे असेल ते आपल्याकडेही पाहिजे, अशी त्या राजाला हौस होती. अक्कल तेवढी नव्हती, पण तिची मागणी कुणी केलीच नव्हती.

त्या जंगलात सरूबाई नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगावर काटे असतात ते. नदीच्या दरडीत तिचं बीळ होतं. ते तिच्या आजीने खणलं, आईने आतून वाढवलं आणि आता सरूबाई आपली पिल्लं घेऊन तिथे नांदत होती.

बीळ तिचंच आहे, याची फाईल दरबारात होती. दरबाराच्या कॉम्प्युटरात प्रत्येकाच्या घराची फाईल असायची. सरूबाईच्या फाईलीत बिळाचा नकाशा होता, साक्षीला शेजाऱ्यांच्या पंजांचे ठसे होते. दरबारात एकेका घराच्या चार-चार फाईली होऊन बसायच्या. म्हणून त्यातली खरी कुठली ते कळावं यासाठी तिच्या नावापुढे 'शेवटची' असं लिहायची पद्धत होती. सरूबाईच्या फाईलीपुढेही तसं लिहिलेलं होतं. तिने ती कधी उघडून पाहिली नव्हती. आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

एकदा सिंह शेजारच्या जंगलात बारशाला जेवून आला आणि आल्या आल्या गुरगुरला, "त्यांच्याकडे एक तक्ता आहे. सगळ्या फाईलींची नावं एकाखाली एक! मलाही पाहिजे. उद्याच!"

"उद्या कशाला, महाराज? आजच घ्या," राघोजी म्हणाला.

राघोजी हा पोपट. दरबाराचा माहितीप्रमुख. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, एवढ्याच भांडवलावर तो सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन बसला होता.

त्याने चोचीने सगळ्या फाईली निवडल्या, कॉपी केल्या आणि तक्त्यात पेस्ट केल्या. नावं उतरली खरी, पण निळी उतरली, आणि प्रत्येक नावाखाली एक रेघ. ज्या नावावर टोच मारावी ती फाईल समोर उघडायची.

सिंहाने नाक मुरडलं. "हे निळं काय? आणि रेघा कशाला? त्यांच्याकडची नावं कशी काळी, सरळ, गुमान बसलेली होती."

"साधा मजकूर म्हणतात त्याला, महाराज. आत्ता करतो."

राघोजीने निळी नावं पुसली आणि तीच पुन्हा, या खेपेला साधा मजकूर म्हणून पेस्ट केली. झाली काळी, झाली सरळ. आता त्यांच्यावर टोच मारा नाहीतर डोकं आपटा, काही म्हणता काही उघडत नव्हतं. दरबाराने टाळ्यांचा कडकडाट केला.

सरूबाईही त्या गर्दीत होती. राघोजीने तिला तिची ओळ वाचून दाखवली: 'सरूबाई साळू, नदीकाठचं बीळ, शेवटची'. आपलं नाव भर दरबारात झळकतंय, याचा तिला कोण आनंद झाला! तिनेही टाळ्या वाजवल्या. मुलांनो, हे विसरू नका. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

पुढे सिंहाचा वाढदिवस आला. त्याच्या डरकाळीचा भलामोठा व्हिडिओ काढला, पण तो कॉम्प्युटरात मावेना.

"त्या फाईली पुसून टाकू या," राघोजी म्हणाला. "नावं तर तक्त्यात आहेतच."

"मग इतके दिवस हे ओझं ठेवलं कशाला होतं?" सिंहाने विचारलं. फाईली पुसल्या गेल्या.

सरूबाईच्या कानावर हे आलं, तशी ती धावत आली. "अवो राघोजी, नाव ऱ्हायलं, पन आतलं कुटं गेलं?"

"बाई, नाव म्हणजेच फाईल. फक्त वजनाला हलकी. प्रगती म्हणतात याला."

तिच्या मनाला काही ते पटलं नाही. पण मोठ्यांना कळत असेल, असं म्हणून ती घरी गेली. मोठ्यांना कळत असेल या भरवशावर आजवर किती घरं बुडाली, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही अजून लहान आहात.

त्या दरबारात हाडबा नावाचा एक तरस येऊन बसायचा. स्वतःचं बीळ खणायचा त्याला भारी कंटाळा. आयत्या बिळावर नागोबा अशी म्हण आहे, पण त्यात नागोबा बिचारा उगाच बदनाम झालाय. हाडबाने एक गोष्ट हेरली होती. तक्ता रात्रंदिवस उघडाच असायचा, कारण बंद केला तर परत कसा उघडायचा हे राघोजीला ठाऊक नव्हतं. हाडबा गेला आणि सगळ्यांत खाली एक ओळ लिहून आला: 'हाडबा तरस, नदीकाठचं बीळ, सगळ्यात शेवटची'.

एका संध्याकाळी सरूबाई पिल्लांना घेऊन कंद उकरायला गेली. परत येते तो काय, हाडबा बिळाच्या तोंडाशी ऐसपैस पसरलेला.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"अरं मुडद्या, घर माजं हाय!"

"तक्त्यात बघून या, मावशी."

ती रात्र सरूबाईने करवंदीच्या जाळीत काढली. पिल्लांचे काटे अजून मऊ होते आणि बिबट्या जवळपास फिरत होता. तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती दरबारात उभी राहिली. "म्हाराज, ह्याची फाईल उघडून दावा. आत काय बी नसंल."

"मग तुमचीही उघडा," हाडबा म्हणाला.

राघोजीने दोन्ही नावांवर टोच मारली. दोन्ही सारखीच मुकी. "महाराज," तो म्हणाला, "दोन्ही नावं काळी, दोन्ही सरळ. पुराव्यात तसूभर फरक नाही. फक्त बाईंची 'शेवटची' आहे आणि यांची 'सगळ्यात शेवटची'."

"मग बीळ हाडबाचं!" सिंह म्हणाला. तो फार खूश झाला. पूर्वी निकाल द्यायचा म्हणजे फाईल वाचावी लागायची.

सरूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी सिंह जेवून घोरत पडला आणि राघोजी मिरच्या खायला उडाला, तशी ती तक्त्यापाशी गेली. तिसऱ्या प्रहरी दरबार भरला, तेव्हा ती सिंहासनासमोर जाऊन म्हणाली, "उतरा, म्हाराज. जागा माजी हाय."

सगळ्यांनी तक्त्याकडे पाहिलं. वर होतं: 'महाराज, सिंहासन, शेवटची'. अगदी खाली होतं: 'सरूबाई साळू, सिंहासन, सगळ्यात शेवटची, आता बदल नाही'.

राघोजी सवयीने बोलून गेला, "दोन्ही नावं काळी, दोन्ही सरळ, पुराव्यात तसूभर..." मग त्याला सिंहाचे दात दिसले.

त्याने झटकन महाराजांच्या नावाला निळा रंग फासला आणि खाली एक रेघ ओढली. "निळं ते खरं!" तो ओरडला. "निळं ते खरं!" दरबार ओरडला.

"टोच मारून बगा की त्येच्यावर," सरूबाई म्हणाली. "काय उघडतंय का?"

कुणी टोच मारली नाही.

"मग माजं बी निळं करा."

"निळा रंग राजघराण्यापुरता आहे, बाई," राघोजी म्हणाला. पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी सरूबाईने वाजवल्या नाहीत.

ती तडक नदीवर आली. पिल्लांना तिने दगडाआड बसवलं. मग बिळाकडे पाठ केली, अंगावरचा काटा न् काटा उभा केला आणि उलट्या पावलांनी आत शिरली.

"तक्ता बघितला नाही वाटतं?" हाडबा आतून हसला.

ती मागे सरकत राहिली. बीळ अरुंद होतं. हाडबा आधी हसायचा थांबला, मग ओरडला, मग मुकाट्याने मागे मागे सरत गेला आणि एकाएकी दरडीतून धपकन नदीच्या चिखलात पडला. बिळाला मागूनही एक तोंड होतं. आजीने अडीअडचणीला म्हणून खणून ठेवलेलं. फाईलीतल्या नकाशात ते स्पष्ट दाखवलेलं होतं. पण नकाशा कुठे राहिला होता?

नाकात काटे घेऊन हाडबा दरबारात रडत गेला. "राघोजी, तिनं मला हाकललं!"

राघोजीने तक्ता पाहिला. "छे छे, असं कसं होईल? बीळ तुमच्याच नावावर आहे. तुम्ही तिथेच राहताय."

"अहो, मग हे काटे?"

राघोजीने तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "काट्यांचा रकाना नाही," तो म्हणाला आणि मिरची खाऊ लागला.

त्या तक्त्यात ते बीळ आजही हाडबाचं आहे. सरूबाई त्यात पिल्लांसह सुखाने राहते.

तात्पर्य: कागदपत्रं जपून ठेवावीत, असं तुमचे गुरुजी सांगतील. सांगू देत. तुम्ही अर्ज तोंडाने करावा आणि निकाल पाठीने मिळवावा. ज्यांच्या पाठीवर काटे नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवत राहावं. थंडीच्या दिवसांत हात तरी गरम राहतात.