माशांच्या टाकीचा पंचनामा

प्रभाकरराव लोहकरे यांनी उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. शपथेवर सांगावी अशी ही गोष्ट, आणि त्यांनी ती शपथेवर सांगितलीही. फक्त तेव्हा त्यांच्या बनियनवरून मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळण्याआधीचा आंबलेला रस, निथळत होता!

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. इथे दारू मिळत नाही, आणि ती कुठे कुठे मिळत नाही हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. त्यातून प्रभाकररावांची बायको शोभाबाई ही पिपरी मेघेतल्या त्यांच्या कॉलनीच्या दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष. म्हणजे ज्या घरात औषधाची बाटलीसुद्धा आधी हुंगून मग कपाटात जाते, त्या घरातली ही २००४ सालच्या उन्हाळ्यातली हकिगत.

बैठकीत तीन फुटांची एक काचेची टाकी होती. तिच्यात सहा गप्पी मासे आणि नागपूरहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली नऊ झाडं. घर शोभाबाईंच्या मनानं बांधलं होतं, रंग त्यांच्या मनानं, मुलीचं नाव मयुरी तेही त्यांच्याच मनानं. टाकी तेवढी प्रभाकररावांच्या मनानं आली होती. नेमकी तीच कोमेजत चालली! मासे मजेत होते, पण झाडांनी दहावीत गणितात नापास झालेल्या पोरासारख्या माना टाकल्या होत्या.

"अक्षय तृतीयेपर्यंत हे झाडं हिरवे झाले तं ठीक," शोभाबाईंनी बजावलं. "नाई तं टाकी भंगारवाल्याले, अन् त्या जागी माहा शोकेस. ऐकून राह्यले ना?"

प्रभाकरराव ऐकून राह्यले होते. सिंचन खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. पण या वेळी मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, टाकी हलू द्यायची नाही!

मयुरी सायबर कॅफेतून चार कागद छापून घेऊन आली.

"बाबा, तुमच्या झाडाइले कार्बन डायऑक्साइड कमी पडून राह्यला. लोक घरीच बनवते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, पाणी अन् चिमूटभर यीस्ट टाकाचं. यीस्ट साखर खाते अन् गॅस सोडते. तो गॅस नळीनं टाकीत."

"अन् बाटलीत काय उरते मंग?"

"खराब पाणी," मयुरी म्हणाली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम तिथेच संपत होता.

बेकरीतून यीस्ट आलं, औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आली. दुसऱ्या दिवशी टाकीत पहिला बुडबुडा निघाला! प्रभाकरराव घड्याळ घेऊन मोजायला बसले. मिनिटाला चार. त्यांच्या खात्याच्या मानानं हा वेग तुफानच म्हणायचा, पण अक्षय तृतीया अकरा दिवसांवर होती.

हे दुःख त्यांनी ऑफिसात शिपाई तानबाजवळ बोलून दाखवलं.

"साखरेनं काय होते, बाबूजी!" तानबा कळवळून म्हणाला. "सडका गूळ टाका. अन् वरतून चार ओंजळी मोहफुलं. असं खदखदते का बूच उडून जाते!"

"तुले कसं माहीत?"

"आयकलं हाय," तानबा म्हणाला आणि एकाएकी फायली पुसू लागला. "गरम जागी ठेवजा. लौकर येते."

"काय येते?"

"गॅस, बाबूजी. गॅस."

त्याच आठवड्यात शोभाबाई आणि मयुरी मामेभावाच्या लग्नाला तीन दिवस सिंदी रेल्वे या गावी गेल्या. प्रभाकररावांनी मैदान मारायचं ठरवलं. तानबानं गूळ-मोहाची पिशवी आणून दिली. पंधरा लिटरची तेलाची कॅन घासून पुसून घेतली. गूळ, मोह, पाणी आणि बेकरीतलं उरलेलं सगळं यीस्ट असा बेत जमला. बुचाला भोक पाडून नळी खोचली, मेणानं चिरा बुजवल्या आणि कॅन सोफ्यामागे सरकवली.

बाहेर पारा बेचाळीसवर. संध्याकाळपर्यंत टाकीत बुडबुड्यांची नुसती वरात निघाली. प्रभाकररावांना झाडं हिरवी झाल्याचा भासही दोनदा झाला.

वास येत होता. पण कूलर मागच्या दारात बसवलेला. तो ती सगळी हवा समोरच्या दारानं गल्लीत ढकलायचा, त्यामुळे घरात कमी आणि कॉलनीत जास्त असा मामला होता. तिसऱ्या दिवशी गल्लीतली कुत्री लोहकऱ्यांच्या फाटकाशी येऊन बसली, ती हाकलूनही उठेनात!

शोभाबाई लग्नाहून परतल्या. ऑटोतून उतरतात न उतरतात तोच कोपऱ्यावर शेजारच्या वच्छलाबाईंनी त्यांना गाठलं.

"बरं झालं बापा आल्या तुम्ही! ताई, कॉलनीत हातभट्टी लागली! दोन दिवसांपासून वास येऊन राह्यला!"

"माह्या कॉलनीत?" शोभाबाईंनी पिशवी मयुरीच्या हातात कोंबली. पीसीओवरून पोलीस चौकीतल्या जमादार प्रेमदास यांना फोन लावला. "धा मिनिटांत या! आज ज्याच्या घरी सापडन ना, त्याच्या गळ्यात चपलाइची माळ घालून पिपरीभर फिरवीन!"

अकरा बाया जमल्या. समितीत नाकासाठी नावाजलेल्या सुलोचनाबाई पुढे झाल्या, मागे बाकीच्या, आणि मागाहून सायकल हाताशी धरून जमादार. किराणा दुकानाशी वास वाढला. पिठाच्या गिरणीशी आणखी वाढला. पितळी पाटी लावलेल्या एका फाटकाशी सुलोचनाबाई थांबल्या, आणि पाटी वाचून त्यांचा चेहरा पडला.

"ताई... इथंच हाय वाटते."

"पुढच्या घरी असन."

"पुढं रिकामा प्लॉट हाय, ताई."

आत प्रभाकरराव वेगळ्याच संकटात होते. नळीत एक मोहफूल अडकलं होतं. बुडबुडे बंद, आणि कॅन व्याह्याकडून जेवून आल्यासारखी टम्म फुगलेली! ते सोफ्यामागे वाकले, बूच जरासं सैल करायला गेले, आणि—

धडाम!

मंडळी आत धावली तेव्हा छतावरून, दाराच्या पडद्यावरून, सोफ्यावरून तपकिरी फेस ठिबकत होता. मधोमध प्रभाकरराव उभे. कपाळावर बरोब्बर मधे एक मोहफूल चिकटलेलं.

"गॅस," ते म्हणाले. "झाडाइसाठी. मी आजपर्यंत थेंबाले शिवलो नाई, शपथ घेतो!"

जमादारांनी बोट बुडवून हुंगलं. "हा सडवा हाय. नुसता भट्टीवर चढवायचा राह्यला." मग त्यांची नजर नळीवरून सरकत सरकत टाकीपर्यंत गेली. "अन् बाबूजी, हे नळी माशाइले काऊन लावली?"

"माशाइले नाई हो, झाडाइले!"

"झाडं पेते?"

"पेत नाई! बुडबुडे घेते!"

जमादारांनी शांतपणे लिहिलं : आरोपीचं म्हणणं, झाडं बुडबुडे घेतात.

"चखण्याची सोय बी घरातच केली पाहा," वच्छलाबाई माशांकडे बोट दाखवून पुटपुटल्या.

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा संसार! तिच्या एका शब्दानं सगळं मिटलं असतं. "शोभा, तू तं सांग याइले!"

शोभाबाईंनी छताकडे पाहिलं. समितीकडे पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं, आणि टाकीवर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"जमादार, अध्यक्षाच्या घरचं हाय म्हणून सोडसान तं मी वर तक्रार करीन! कॅन लिहा. नळी लिहा." त्यांनी एक श्वास घेतला. "टाकी बी लिहा. पुरावा हाय तो."

"अन् चपलाइची माळ?" वच्छलाबाईंनी आशेनं विचारलं.

"ते घरात घालीन."

मुद्देमालाची यादी झाली : फुटलेली कॅन एक, नळी एक, काचेची टाकी पाण्यासकट एक, झाडं मरायला टेकलेली नऊ, मासे सहा. मयुरीचे सायबर कॅफेतले चार कागदही सोबत जोडले. चार जणांनी टाकी उचलून हातगाडीवर ठेवली, आणि प्रभाकरराव ओल्या बनियनवर फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. दर सोमवारी चौकीत हजेरी लावायच्या बोलीवर ते जामिनावर सुटले. अक्षय तृतीयेला शोकेस आलं.

पहिले तीन सोमवार ते मान खाली घालून सही करून परतले. टाकीबद्दल विचारायचा धीर होईना. चौथ्या सोमवारी जमादारांनीच त्यांना बाजूला घेतलं.

"बाबूजी, लफडं होऊन बसलं. पंचनाम्यात मासे सहा लिहिले, अन् काल मोजले तं एकेचाळीस भरले. मुद्देमाल वाढून राह्यला! आता कोर्टाले काय सांगू?"

त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. प्रभाकरराव जागच्या जागी थिजले. टाकीत नऊच्या नऊ झाडं हिरवीगार! पानं पाण्यावर येऊन बाहेर डोकावत होती. प्रभाकररावांनी काचेला नाक लावलं.

"जमादार... गॅस कोणता लावला?"

"कायचा गॅस? इथं कोणाले येळ हाय!" जमादार म्हणाले. "ठेवाले जागा नव्हती, म्हणून खिडकीत ठेवली. सकाळचं ऊन येते तिथं."

प्रभाकररावांच्या बैठकीला खिडकी नाही.