भास्कररावांची अँटेना

माझे साडू भास्करराव प्रवासात गाडी थांबवायचे ती नेमकी चहा मिळणार नाही अशा जागी. टपरी दिसली की वेग वाढवायचे. कारण टपरी म्हणजे वीज, वीज म्हणजे तारा आणि तारा म्हणजे रेडिओत खरखर. नाशिक जिल्ह्यातली जेवढी ओसाड माळरानं मी त्यांच्या व्हॅनमधून पाहिली, तेवढी तलाठ्यानेही पाहिली नसतील.

त्यांचं द्राक्षांच्या औषधांचं दुकान होतं, पण जीव हौशी रेडिओत. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलेलं. हातात माइक धरून भोपाळपासून कोलंबोपर्यंत कुणाशीही गप्पा. नाशिक रोडच्या सोसायटीने गच्चीवर तार बांधू दिली नाही, तेव्हा त्यांनी रेडिओचं सगळं बिऱ्हाड मारुती व्हॅनमध्ये हलवलं. दोन हजार सालानंतर अमेरिकेतल्या पुतण्याने त्यांना स्वतःच जुळवून घेणारी अँटेना आणून दिली आणि आमच्या हालांत भरच पडली.

मागच्या बंपरवर एक जाड नळी, तिच्यावर लवलवती काठी. रेडिओवर फ्रिक्वेन्सी बदलली की नळीतली मोटर घुर्रर्र करत आतलं वेटोळं वर-खाली सरकवायची आणि नेमकं जुळलं की गप्प व्हायची. "आपण हात लावायचा नाही. तिची ती जुळते," भास्करराव नव्या सुनेचं कौतुक करावं तसं सांगायचे. मात्र माणूस जवळ गेला की जुळलेलं बिघडायचं. म्हणून गाडी थांबली तरी आम्हाला उतरायची बंदी. आवाज येतो म्हणून इंजिन बंद, पंखा बंद. त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, त्या गाडीत बसणं केव्हाच सोडलं होतं. त्या एस.टी.ने जायच्या आणि आमच्या आधी पोचायच्या.

त्यातून समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही हा स्वभाव. "पुढचं कळलं!" म्हणून स्वतःच पुरं करायचे, तेही चुकीचं. "आज जरा पोटात—" एवढं मी म्हणालो की "पुढचं कळलं, भूक लागलीय!" आणि लाडवाचा डबा पुढे.

आमच्या मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही त्यांच्याच गाडीतून येवल्याला गेलो. दिवसभर दुकानांतून फिरून मी आणि सुधा, म्हणजे माझी बायको, पार गळून गेलो होतो. परतताना विंचूरच्या अलीकडे दिवस कलायला लागला आणि भास्कररावांनी गाडी एका बाभळीखाली घातली.

"दाजी, आज नको हो," सुधा मागून म्हणाली. "पाय नुसते—"

"पुढचं कळलं. पाच मिनिटं."

अँटेना घुरघुरली, थांबली. स्पीकरमधून एक म्हातारा आवाज आला. "भा... भास्... कर."

"बोला सर, ऐकतोय," भास्करराव म्हणाले आणि माइकचं बटण सोडून आमच्याकडे वळले. "अकोल्याचे वानखडे सर. रिटायर्ड मास्तर. लकवा झाला, वाचा गेली होती. आता थोडी परततेय."

"आज... सुनेनं... केलं..." आवाज अडला. नुसता श्वास ऐकू येत होता. मला राहवलं नाही. "भाकरी असेल," मी पुटपुटलो.

भास्कररावांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटून, मान जरा पुढे करून ते थांबून राहिले. इतका वेळ गप्प बसलेले भास्करराव मी कधी पाहिले नव्हते.

"सुनेनं... था..."

तेवढ्यात आवाज बुडाला. दिवस मावळला की असं होतं, म्हणे. अकोल्यासारखी, रेडिओच्या हिशेबात जवळची गावं ऐकू येईनाशी होतात. भास्कररावांनी जरा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर प्रयत्न केला, अँटेना पुन्हा घुरघुरली. खरखर. ते मूळ फ्रिक्वेन्सीवर परत आले.

"रोज याच वेळेला येतात," ते हळूच म्हणाले. "घरचे चांगले आहेत. पण सगळ्यांना कामं असतात. शब्द अडला की कुणीतरी पटकन सांगून टाकतं. मग ते बोलतच नाहीत." त्यांनी चावीला हात घातला. "चला. सुधा दमलीय."

सुधाने पैठणीची पिशवी मांडीवरून काढून सीटवर ठेवली. "थांबू या की, दाजी," ती म्हणाली. "त्यांचं सांगायचं राहिलंय."

आम्ही थांबलो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जात होते. मग खरखरीतून, फार लांबून, एकेक अक्षर चाचपत आवाज आला.

"था...ली...पीठ."

मागे सुधाने सुस्कारा टाकला. भास्कररावांनी माइक तोंडाशी नेला.

"वा! लोणी होतं का सर बरोबर?"

त्यांनी बटण सोडलं आणि सीटला पाठ टेकून उत्तराची वाट बघत बसले.