टोचल्याची खूण

दवाखान्यातून सुई टोचून घेऊन आलेला माणूस स्वतःच्या खांद्यावर लाल रंगाचा फराटा ओढून गावभर हिंडताना तुम्ही पाहिला नसेल. आमच्या शेजारचे बिरातात्या हिंडतात. माणच्या माळावर त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मेंढराला लस टोचली की पाठीवर रंग लावायचा, नाहीतर तेच मेंढरू पुन्हा टोचलं जातं. "मग मानसाचं काय येगळं हाय, मास्तर?" स्वतःच्या पाठीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून खांदा.

तात्यांना जुनाट इसब. हातापायांना भेगा, रात्रंदिवस खाज. साताऱ्याच्या एका दवाखान्यात इसबावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. काहींना खरं औषध मिळेल, काहींना बिनऔषधाची सुई. कुणाला काय, ते चाचणी संपेपर्यंत त्यांनाही कळणार नाही.

तात्या गंभीर झाले. "टोचनाऱ्यालाच म्हाईत न्हाई व्हय? लय अवघड कळप हाय, मास्तर!"

पुढच्या खेपेला तर कहरच. सुई घेऊन शेजारी बसलेल्या एका गृहस्थांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तात्यांनी न विचारता फराटा ओढला. गृहस्थ खवळले. "आवं, डबल टोचलं म्हंजी?" तात्या शांतपणे म्हणाले. माफी मला मागावी लागली.

हा सगळा खटाटोप होता चिमीसाठी. चिमी म्हणजे तात्यांच्या मुंबईच्या मुलाची दीड वर्षांची लेक. दिवाळीत तात्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या खरखरीत हातानं पोर किंचाळून रडली. तेव्हापासून त्यांनी तिला उचललं नाही. इसब दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगूनही नाही. "हात मऊ हू द्या, मग घेतो," एवढंच म्हणायचे. ऐकून माझा जीव तुटायचा.

परवा चिमी आली. तात्यांच्या भेगा थोड्या भरल्या होत्या. सुईनं की मलमानं, देव जाणे. त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि आपला तळवा माझ्या गालावर ठेवला.

"खरं सांगा, मास्तर. बोचतंय?"

मला खोटं बोलवेना. "थोडंसं," म्हणालो.

त्यांनी हात मागं घेतला. चिमी त्यांच्याकडंच हात पसरून उभी होती.

"तुमी घ्या तिला. मी हितनं बघतो."

मी तिला उचललं. तात्या हात पाठीमागं धरून बघत राहिले.

"मास्तर," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जड झालीया का वो?"