निकमकाकांचा अर्धा खून

खुनी कोण, ते मी जिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं. वर ऐटीत म्हणालो, "डोकं लागतं!" डोकं व्हिडिओ लायब्ररीवाल्याचं होतं, मी नुसतं विचारलं होतं.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत तळमजल्यावर निकमकाका राहायचे. मूळचे साताऱ्याचे, बेलापूरच्या कचेरीतून निवृत्त, काकू गेल्यापासून एकटे. केबल नुकतीच आली होती, घरोघरी नाचगाणी चालायची. आणि हा गृहस्थ भाड्याच्या कॅसेटवर जुने, काळेपांढरे, विलायती खूनपट लावायचा. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण. "संशय सगळ्यांवर, चहा सगळ्यांना!"

इंग्रजीचं मराठीही काकाच करायचे. हॅटवाल्यानं पिस्तूल रोखलं, की काकांचा आवाज: "बाई म्हणतायत, अहो, आधी बसा तरी!"

खून मात्र त्यांना बघवायचा नाही. डोळे मिटून विचारायचे, "गेला का?" गेला म्हटलं, की कप खाली ठेवायचा हुकूम. प्रेत उचलेपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही. "समोर मयत असताना चहा पिता? लाजा वाटू द्या!"

आणि खुनी सापडायची वेळ आली, की कॅसेट बंद. "उरलेलं उद्या. विचार करून या."

माझ्या हुशारीनंतरच्या संध्याकाळी गेलो, तर सतरंजी अंथरलेली, पातेलंभर पोहे झाकलेले आणि काका एकटेच.

"लोकांना कळला म्हणे खुनी," काका म्हणाले.

"सॉरी काका. तुमचीही मजा गेली."

"माझी कसली? हिच्याबरोबर कितीदा पाहिलाय हा पिक्चर. पाठ आहे."

"मग मधेच बंद का करता?"

काका पातेल्यावरचं झाकण उगाच सारखं करत राहिले. "पुरा दाखवला, तर उद्या कोण येईल?"

तेवढ्यात आमच्या गेटवर मासळी विकणाऱ्या, सारसोळ्याच्या म्हात्रेमावशी रिकामी टोपली दाराशी ठेवून आत आल्या.

"मावशी, तुम्हाला नाही कळलं?" मी विचारलं.

"कललाय मना, खुनी कोन हाय त्यो," सतरंजीवर ऐसपैस बसत मावशी म्हणाल्या. "पन त्याला धरतान कसा, ता बगाचा हाय. लावा भाऊ."

काका लगबगीनं उठले. बटण दाबलं. सगळं सावरलं म्हणून मला हुरूप आला.

"मावशी, धरतात ना त्याला, तेव्हा गंमत अशी होते..."

मावशींनी पोह्यांची बशी माझ्या हातात कोंबली.

"तू खा. तुजा तोंड रिकामा ठेवाचा काम नाय."